भागी हक्केचा खेळ

"ठेवलासा का बाई?" भागीनं विचारलं.

"ठेवला."

"कशाच्या खाली?"

"निळ्या ठोकळ्याच्या खाली. आता हिरवा उचलते."

मी माउसनं हिरवा ठोकळा ओढला आणि त्याच्याही खाली सोडला. टक् असा आवाज झाला. माझ्या खुर्चीभोवती सात मुली उभ्या होत्या, त्यातली एक हळूच म्हणाली, "बसला वाटतं."

"मग माझं नाव खोडा," भागी म्हणाली.

"कुठलं नाव?"

"फारमावरचं. खेळ बनवणारी म्हणून लिवलंय न्हवं? तुम्हीच उचलताय, तुम्हीच ठेवताय. मी नुस्ती हितं उभी हाय."

"अगं, पण कल्पना तुझीच आहे की."

"कल्पना आमच्या बापाच्या मेंढरांची हाय," ती म्हणाली आणि भिंतीला हात लावत वर्गाबाहेर निघून गेली. बाकीच्याही एकेक करून तिच्यामागून गेल्या. मी आपली हिरव्या ठोकळ्यासमोर बसून राहिले.

याला आता पंधरा वर्षं झाली. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि सांगलीकडच्या एका अंध मुलींच्या निवासी शाळेत संगणक शिकवायला नुकतीच लागले होते. माझा स्वभाव तेव्हाही हाच, एखादी गोष्ट मनावर घेतली की दुसऱ्या कुणाला तोंड उघडू द्यायचं नाही. पहिल्या दिवशी संगणकाच्या खोलीत गेले तर आठ संगणक, आठ कीबोर्ड, आठ हेडफोन आणि मॉनिटर फक्त एक. त्याच्यावर क्रोशाचं आच्छादन. मी शिपाईमामांना विचारलं, "बाकीचे चोरीला गेले का हो?" ते म्हणाले, "न्हाई वो बाई, तो पाहुण्यांसाठी हाय. पाहुणे आले की उघडतो."

मुलींना मॉनिटर लागतच नव्हता. पडद्यावर जे लिहिलेलं असेल ते वाचून दाखवणारा एक प्रोग्राम संगणकात होता, मुली त्याला 'बोलका' म्हणायच्या. तो हेडफोनमध्ये बोलायचा आणि त्या कीबोर्डवर उत्तर द्यायच्या. हे सगळं माझ्या नजरेसमोर चाललं होतं, तरी मला वाटलं, डोळस मुलांना जे मिळतं ते या मुलींना का मिळू नये? महिनाभर खेटे घालून मी एका कॉलेजातून सात जुने मॉनिटर आणि आठ माउस मिळवले, ओळीनं मांडले, आणि मुलींना दाखवले. त्यांनी एकेकीनं मॉनिटरवरून हात फिरवला. एक म्हणाली, "छान हाय बाई. ऊबदार लागतं." मी त्या दिवशी खूश होऊन घरी गेले होते. आज आठवलं की कुठं तोंड लपवू असं होतं.

तर अशी मी. दसऱ्याच्या सुमाराला जिल्ह्याच्या शालेय प्रदर्शनाचं पत्रक आलं. त्यात यंदा नवा विभाग होता, 'विद्यार्थ्याने स्वतः बनवलेला संगणक-खेळ'. मी वर्गात वाचून दाखवलं आणि पाठीमागून भागीचा आवाज आला, "बाई, मी बनवू?"

भागीरथी हक्के, आठवीतली. जन्मापासून दिसत नव्हतं. वडील जतकडचे धनगर, वर्षातले आठ महिने मेंढरं घेऊन रानोमाळ. तिच्या डोक्यात खेळ तयारच होता. मेंढरं दिवसभर चरायला जातात तेव्हा कोकरं मागं राहतात, जाळीच्या कुंपणात. संध्याकाळी कळप परत आला की कोकरं सोडतात, आणि दोनशे मेंढ्यांच्या कालव्यात प्रत्येक कोकराला आपली आई शोधायची असते. चुकीच्या मेंढीला तोंड लावलं की ती ढुशी देते. भागी म्हणाली, "खेळणाऱ्यानं कोकरू व्हायचं. आवाज वळखून आईपशी जायचं. बघायचं काय न्हाईच."

मला तो खेळ इतका आवडला की मी त्याच रात्री इंटरनेटवर शोधायला बसले. पहिल्यांदाच खेळ बनवणाऱ्यांनी कुठल्या साधनापासून सुरुवात करावी? जिथं जावं तिथं एकच सल्ला. टाइप करायला नको, चूक व्हायला नको, रंगीत ठोकळे माउसनं उचलायचे आणि एकमेकांत अडकवायचे की झाला खेळ. सहा वर्षांचं पोरही करतं म्हणे. मी ते आणलं, वर गवत काढलं, पांढऱ्या मेंढ्या काढल्या, कोपऱ्यात सूर्य काढला. आणि आमचा बोलका त्या ठोकळ्यांपुढे मुका झाला. त्याला अक्षरं वाचता येत होती, चित्रं नाही. मग मी म्हटलं, हरकत नाही, भागीनं सांगावं आणि मी उचलावं. पुढं काय झालं ते सांगितलंच.

ती वर्गातून गेल्यावर मी भोईटे सरांकडे गेले. भोईटे सर ब्रेल शिकवायचे, तेही पूर्ण अंध, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. पावलांवरून माणूस ओळखायचे.

"या मगदूम बाई. आज पावलं जड दिसतात."

"भागीला एवढं काय झालं हो सर? मी मदतच करत होते ना तिला?"

"गेल्या वर्षीचं तुम्हाला कुणी सांगितलं नाही वाटतं." ते ब्रेलची पानं लावत होते, ती थांबवून म्हणाले, "गेल्या वर्षी त्याच प्रदर्शनात भागीच्या नावानं विजेची घंटा ठेवली होती. केली होती विज्ञानाच्या सरांनी. हिला टेबलाशी उभं केलं. एका पाहुण्यानं विचारलं, बाळ, ही वाजते कशी? हिला काय येणार? पाहुण्यानं हिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हातात चॉकलेट दिलं. पोरगी दोन दिवस जेवली नाही."

मी त्यांच्या समोरच्या बाकावर बसले.

"चॉकलेट अजून तसंच आहे तिच्या पेटीत," सर म्हणाले. "ती म्हणते, कुणी पुढच्या वेळेला विचारलं तर मला सांगता आलं पाहिजे. नाहीतर नाव नको."

त्या संध्याकाळी मी माउस काढून कपाटात टाकले. भागीला बोलावलं आणि सांगितलं, "आता टाइप करायचं. ओळ तू लिहायचीस, बोलका तुला वाचून दाखवेल, मी हात लावणार नाही."

"खरंच लावणार न्हाई?"

"नाही."

दुसरं साधन मी विचारपूर्वक निवडलं, म्हणजे मला तरी तसं वाटत होतं. संगणकाची सगळीकडे वाखाणलेली भाषा, नवशिक्यांची लाडकी. थोडके शब्द, कंस नाहीत, कटकट नाही. भागीची बोटं कीबोर्डवर सरसर चालायची. दोन दिवसांत तिनं आठ ओळी लिहिल्या. तिसऱ्या दिवशी खेळ सुरू करायला गेली तर बोलका म्हणाला, चूक आहे, सहावी ओळ. तिनं सहावी ओळ ऐकली. अक्षर न् अक्षर ऐकलं. काहीच चूक नव्हती. पुन्हा टाइप केली, तरी तेच. तीन दिवस ती सहाव्या ओळीपाशी बसून होती आणि मी शब्द दिला होता म्हणून हाताची घडी घालून बसले होते. चौथ्या दिवशी मात्र मला राहवेना. मी मॉनिटर लावला आणि एका क्षणात दिसलं. त्या भाषेत एका गटातल्या आतल्या ओळी सारख्याच जागा सोडून लिहाव्या लागतात. ओळ आत सरकलेली दिसली की समजायचं, ही वरच्या ओळीच्या पोटातली. भागीनं बाकीच्या ओळींना चार जागा सोडल्या होत्या, सहावीला तीनच. आणि आमचा जुना बोलका रिकाम्या जागा उच्चारतच नव्हता.

"एक जागा कमी आहे," मी म्हटलं.

"कुठं?"

"ओळीच्या आधी."

तिनं कान देऊन पुन्हा ऐकलं. मग हेडफोन काढून ठेवला. "मला ऐकू येत न्हाई ते. तुम्हाला दिसलं म्हणून घावलं."

"मी सांगत जाईन की."

"म्हणजे परत तुम्हीच," ती म्हणाली. चिडलेली नव्हती, नुसती दमलेली होती, आणि ते मला जास्त लागलं.

दिवाळीची सुट्टी चार दिवसांवर होती आणि प्रदर्शन डिसेंबरात. माझी दोन्ही साधनं पाण्यात गेली होती. मी पुन्हा भोईटे सरांच्या पुढ्यात जाऊन बसले आणि सगळी हकिगत सांगितली. म्हटलं, "सर, जगातली सगळ्यात सोपी दोन साधनं आणली मी. दोन्ही तिला अवघड. माझं चुकतंय कुठं?"

सरांनी पुढ्यातली पानं चाचपली. मग एक ब्रेलचं पान माझ्याकडे सरकवलं. "मला एक सांगा. तुम्ही कागदावर पाच लिहिलंत, तर तो आकडा आहे, अक्षर नाही, हे वाचणाऱ्याला कसं कळतं?"

"दिसतंच की. आकड्याचा आकार वेगळा असतो."

"आमच्या ब्रेलमध्ये वेगळा नसतो. इंग्रजी ए आणि एक, दोघांचा ठिपका तोच. मग आम्ही काय करतो? आधी एक खूण टोचतो. खूण सांगते की आता आकडा येतोय. जे तुम्हाला नुसतं बघून कळतं, ते आम्हाला लिहून ठेवावं लागतं. जास्त टोचावं लागतं, कागद जास्त जातो, पण बोटाला शंका राहत नाही."

"मग?"

"मग काय? तुम्ही कमी लिहायला लागेल असं साधन शोधताय. भागीला सगळं लिहिलेलं पाहिजे. असं काही आहे का, ज्यात सुरू झालं तर सुरू झालं म्हणून लिहितात आणि संपलं तर संपलं म्हणून?"

मी उठलेच. तसं होतं. मी स्वतःच ते पाहून बाजूला सारलं होतं. एक जुनी भाषा, जिच्याबद्दल सगळे लिहीत होते की नवशिक्यांनी हिच्या वाटेला जाऊ नये, पाल्हाळीक आहे, सतरा वेळा 'एन्ड' लिहावं लागतं. ओळ कितीही आत सरकवा नाहीतर सरकवू नका, तिला फरक पडत नव्हता. जे काय ते शब्दांत.

दुसऱ्या दिवशी मी ती भागीच्या संगणकावर घातली. तिनं पहिल्या ओळी ऐकल्या आणि विचारलं, "प्रत्येक गोष्ट संपली की एन्ड म्हणायचं?"

"हो. कंटाळवाणं आहे जरा."

"कशापायी कंटाळवाणं? कळतं की."

तिनं अर्ध्या तासात सहा ओळी लिहिल्या आणि संगणकातून एक भोंग्यासारखा आवाज काढला. मुद्दाम एक एन्ड गाळला. बोलका म्हणाला, अमुक ओळीपासून सुरू झालेलं संपलेलं नाही. ती परत गेली, एन्ड घातला, पुन्हा भोंगा वाजला. मग तिनं तोच भोंगा डाव्या कानात वाजवला, मग उजव्या. मी टाळी वाजवली तर म्हणाली, "गप बसा की बाई, ऐकायला येत न्हाई."

सुट्टीला ती वडिलांकडे गेली. कळप तेव्हा पलूसकडे नदीकाठच्या रानात बसला होता. परत आली ती भावाच्या मोबाइलमध्ये एकोणीस मेंढ्यांचे आणि सात कोकरांचे आवाज घेऊन. मला तर सगळ्या मेंढ्या एकच वाटल्या. तिला प्रत्येकीचं नाव ठाऊक होतं.

आणि आल्या दिवशीच तिनं मला सांगितलं, "बाई, आता तुम्ही भायेर बसा."

"बाहेर म्हणजे?"

"व्हरांड्यात. तुम्ही शेजारी असलासा की मी विचारती. विचारलं की तुम्ही सांगताय."

खरं सांगते, मला राग आला. साधन मी शोधलं, खोली माझी, वर्ग माझा, आणि मी व्हरांड्यात? पण शब्द दिला होता. महिनाभर शाळा सुटल्यावर तासभर मी पायरीवर बसून वह्या तपासत होते. आतून कधी एक मेंढी ओरडायची, कधी चार, कधी मधेच शांतता आणि मग भागीचं स्वतःशीच पुटपुटणं. तिला अडलं की ती त्या भाषेच्या मदतीची पानं बोलक्याकडून ऐकायची, आणि न कळलेला इंग्रजी शब्द इंग्रजीच्या बाईंना विचारून यायची, माझ्या अंगावरून, मला न विचारता. मी दोनदा म्हटलं, "मी सांगू का?" दोन्ही वेळेला, "नको."

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी तिनं मला आत बोलावलं, हेडफोन दिला आणि म्हणाली, "खेळा." पडदा काळाच. कानात कळप आला. मी बाणाच्या बटणांनी कोकरू हलवायला लागले, तशा मेंढ्या डावीकडून उजवीकडे सरकल्या, एक जवळ आली, तिचा आवाज भरला. मी खात्रीनं तिच्यापाशी गेले आणि धाडकन् ढुशी बसली.

"ती मामी हाय," भागी म्हणाली.

प्रदर्शनाच्या हॉलमध्ये खच्चून गर्दी होती. आमच्या शेजारच्या टेबलावर रंगीत मोटारी पळत होत्या, पलीकडे विमानं पडत होती. आमच्या टेबलावर काळा पडदा आणि एक हेडफोन. पोरं यायची, पडद्यात डोकावायची आणि पुढं जायची. परीक्षक आले ते दुपारी, कुठल्याशा कॉलेजचे प्राध्यापक, माणूस सभ्य. त्यांनी हेडफोन लावला, खेळले, तीनदा ढुशी खाल्ली, चौथ्यांदा कोकरू आईपाशी पोचलं तेव्हा एकटेच हसले. हेडफोन काढून ते माझ्याकडे वळले.

"मॅडम, फार छान. हिनं यात नेमकं काय काय केलं?"

भागी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होती. तिचे हात टेबलाच्या कडेवर होते, आणि ती कड तिनं घट्ट धरलेली मला दिसली.

"सगळं तिनंच केलंय," मी म्हटलं.

"तसं सगळ्याच टेबलांवर सांगतात," ते म्हणाले. टोमणा नव्हता, सकाळपासून ऐकून कंटाळले असावेत. "बरं, एक सांगा. मेंढी जवळ आली की आवाज नुसता मोठा होत नाही, वेगळाच होतो. जणू आपल्याकडे तोंड करते. हे कसं बसवलंत तुम्ही?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. शिक्षकाची सवय, प्रश्न आला की तोंड उघडतं. आणि माझ्या लक्षात आलं, मला ते माहीत नव्हतं. आवाज मोठा कसा करतात ते मी सांगितलं असतं. पण मेंढी तोंड वळवते ते कसं? मी काल खेळले तेव्हा मला तर ते जाणवलंही नव्हतं.

"मला नाही माहीत," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"मला येत नाही ते. मी बाहेर बसले होते. तिला विचारा."

प्राध्यापकांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग त्यांनी शेजारचं स्टूल ओढलं, त्यावर बसले आणि पहिल्यांदा भागीशी बोलले. "भागीरथी, तू सांग मग."

तिनं टेबलाची कड सोडली. "प्रत्येक मेंढीचं दोन आवाज घेतल्यात," ती म्हणाली. "एक तोंड हिकडं असताना, एक पाठ असताना. लांब असली की पाठीचा जास्ती, तोंडाचा कमी. जवळ येईल तसं उलटं. दोन्ही एकदम वाजत्यात."

"दोन्ही एकदम? मग किती ओळी झाल्या?"

"त्याला एकोणचाळीस. दाखवू? ऐकावं लागंल पण."

तिनं हेडफोनची वायर काढून बोलका मोठ्यानं सुरू केला, तिच्या सवयीच्या वेगानं. ते इतकं भराभर होतं की मला एक शब्द लागला नाही, प्राध्यापकांनाही नाही. ते म्हणाले, "हळू कर बाई," आणि तिनं त्यांच्यासाठी हळू केलं. मग ते दोघं बोलत बसले. त्यांनी विचारलं, हिनं सांगितलं, त्यांनी म्हटलं असं केलं असतं तर, हिनं म्हटलं करून बघितलं, न्हाई जमलं. पाऊण तास गेला. मागच्या टेबलांवरचे शिक्षक चुळबुळायला लागले. मला तिथं काहीच काम नव्हतं. मी आपली पाण्याची बाटली धरून उभी होते, आणि माझ्या डोळ्यांना पाणी आलं होतं, ते कुणाला दिसू नये म्हणून मोटारींकडे बघत होते.

परतीच्या एसटीत ती खिडकीकडे बसली. वाऱ्याला तोंड दिलं होतं तिनं. मला वाटलं, दमली असेल.

"बाई," ती एकदम म्हणाली, "तुम्ही मला मोठं करायला तसं म्हणालासा का? येत न्हाई म्हणून?"

"नाही गं."

"खोटं न्हाई ना? गोड बोलायला?"

"भागी, मला खरंच येत नाही."

तिचा विश्वास बसला नाही. ती माझ्याकडे वळून बसली, फळ्यापुढं उभ्या केलेल्या मुलाकडे बाईंनी वळावं तशी. "मग सांगा. कोकरू दोन मेंढ्यांच्या मधोमध आलं तर आधी कुणाचा आवाज वाजवायचा?"

मी विचार केला. अगदी मनापासून विचार केला, कारण बरोबर यावं अशी माझी इच्छा होती, शेवटी मीही शिक्षिका होते. "जी आई आहे तिचा," मी म्हटलं.

"चुकलं. तसं केलं तर लगेच कळंल की आई कोण ते. खेळ संपला मग." ती थांबली. "दुसरं सांगा. कोकरू तहानलं की त्याचा आवाज कसा बारीक करायचा?"

"त्या ओळीत आकडा कमी करायचा?"

"कुठला आकडा?"

मला नाही सांगता आलं. कंडक्टर तिकिटं देऊन पुढं गेला. भागीनं आणखी एक प्रश्न विचारला, तोही चुकला. तेव्हा कुठं तिनं पाठ सीटला टेकली आणि एवढा मोठा सुस्कारा सोडला की पुढच्या बाकावरच्या बाईनं मागं वळून बघितलं.

"न्हाई येत तुम्हाला," ती म्हणाली. "अजाबात न्हाई येत."

आणि मग तिला जे हसू सुटलं ते थांबेचना.